नाकाडोंगरी व्हेरिएशन

जागतिक बुद्धिबळाच्या इतिहासात नाकाडोंगरीचं नाव कुठेच सापडत नाही. ते तसंच राहावं म्हणून मी जातीनं जे कष्ट घेतले, ते मात्र कोणाला ठाऊक नाहीत.

संधी नव्हती असं कोणी म्हणू नये. नागपूर इथून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे, आणि नागपूरच्या पोरांनी या खेळात काय करून ठेवलंय ते आपण बघतोच आहोत. दिव्या देशमुखने २०१४ साली डर्बनला दहा वर्षांखालच्या मुलींचं जगज्जेतेपद घेतलं, २०१७ साली ब्राझीलला जाऊन बारा वर्षांखालचं घेतलं, २०२४ साली गांधीनगरला ज्युनिअर मुलींचं घेतलं आणि २०२५ च्या जुलैत बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषकच घरी आणला. रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ साली झाला. तिकडे नाशिकच्या विदित गुजराथीने २००८ साली व्हिएतनाममधल्या वुंग ताऊला चौदा वर्षांखालचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. या यादीच्या शेवटी थोडी जागा सोडून माझी नोंद करायला हरकत नाही: भंडारा जिल्हा, सतरा वर्षांखालचे, पहिली फेरी, काळी मोहरी, प्यादेमात.

मी केली नव्हे. झाली.

या सगळ्याच्या मुळाशी विश्वनाथन आनंद आहे. १९८७ साली फिलिपिन्समधल्या बागिओला त्याने जागतिक ज्युनिअर स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा १९५१ पासून चालू होती, बर्मिंगहॅमच्या पहिल्या स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा इव्हकोव्ह जिंकला होता, पण तोवर एकाही भारतीयाला ती जिंकता आली नव्हती. बातमी आमच्याकडे तुमसरहून येणाऱ्या एसटीत, पेपरच्या गठ्ठ्यात बसून, दुपारी पोचली. आनंद तेव्हा सतरा वर्षांचा होता. मी त्याच्याहून थोडा लहान. म्हणजे वेळ होता! मद्रासचा पोरगा बागिओत जिंकतो, तर नाकाडोंगरीचा पोरगा भंडाऱ्यात का जिंकणार नाही, हा हिशेब मला तेव्हा इतका चोख वाटला की मी तो शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवला. गणिताची वही होती. गणितातही माझी तीच गत.

खेळ मला आजोबांनी, म्हणजे आबाजींनी शिकवला. आबाजींची हयात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत गेली. घरी बसल्यावर त्यांनी ओट्यावर कापडी पट अंथरला तो कायमचा. एक हत्ती हरवला होता. त्याच्या जागी रेडिओतला मेलेला सेल उभा असायचा. आता हे बघा, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलांच्या कारखान्यांना जातो. म्हणजे आबाजींनी खणून काढलेलाच माल कुठल्यातरी कारखान्यात जाऊन, सेलात भरला जाऊन, आमच्या रेडिओला नागपूर केंद्राच्या बातम्या सांगायला लावून, मरून, पुन्हा आबाजींच्याच पटावर हत्ती म्हणून रुजू झाला होता. एवढी निष्ठा मी पुढे कुठल्या नोकरदारात पाहिली नाही.

आबाजींचे नियम देशी होते. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जाणार. दोन घरांची घाई साहेबांची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याचं घर त्याचं रूप घेणार: घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. सरसकट वजीर करणं म्हणजे त्यांच्या मते माजोरीपणा. कॅसलिंग नाही. त्याऐवजी राजाला, शह लागलेला नसेल तोवर, अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी. आणि मात द्यायची तर प्याद्याने द्यावी, तिचा मान सगळ्यात मोठा. हत्तीने दिलेल्या मातीला आबाजी नुसतं "हं" म्हणत.

असल्या तालमीत तयार झालेल्या माझ्या हाती एक दिवस पुस्तक आलं. मामांनी तुमसरच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावात आणलेल्या गठ्ठ्यात ते होतं. इंग्रजी, बिनकव्हरचं आणि मागची पानं गळालेली. ते सगळं पुस्तक सिसिलियन बचावावर होतं आणि माझ्याकडे उरलेला भाग नायडॉर्फ पद्धतीचा. मिगेल नायडॉर्फ हा पोलंडचा खेळाडू. १९३९ साली ऑलिंपियाडसाठी ब्युनोस आयर्सला गेला, तिकडे असतानाच युद्ध पेटलं, आणि तो परत गेलाच नाही. मागे राहिलेल्या घरच्यांना पेपरातून तरी कळावं की आपण जिवंत आहोत, म्हणून त्याने न बघता एका वेळी चाळीस-पंचेचाळीस पटांवर खेळण्याचे विक्रम केले. हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा माझ्यासाठी नायडॉर्फ म्हणजे नुसता पासवर्ड होता. जगज्जेता फिशर ही पद्धत खेळायचा, तेवढं पुरे होतं.

तर नायडॉर्फ म्हणजे काय? पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. काळा वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. मग पांढऱ्याने घोडा काढायचा, वजिरापुढचं प्यादं पुढे घालायचं, काळ्याने ते मारायचं. अशी पाच चालींची देवाणघेवाण झाली की काळा अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं हळूच एक घर सरकवतो. बस. ही कडेची एक घराची चाल म्हणजेच नायडॉर्फ. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याला सुचेना म्हणून काहीतरी हलवलं. मला तर ती बघून आबाजींचीच आठवण आली. एक घर!

पुस्तक जुन्या इंग्रजी पद्धतीत होतं. म्हणजे घरांना ए-एक, बी-दोन अशी कायमची नावं नाहीत. प्रत्येक खेळाडूने आपापल्या बाजूने घरं मोजायची. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८१ सालीच ती पद्धत मोडीत काढली होती, पण ती खबर तुमसरच्या रद्दीत कशी येणार? मी पाठांतर केलं. झोपेत चाली बोलायचो. मायला वाटलं बाधा झाली. बाबूजींना मी पटाच्या स्पर्धेला जातोय असं सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, "बैल कोनाचे?" आमच्याकडे पट म्हटला की शंकरपट. बुद्धिबळाचा म्हटल्यावर त्यांचा उत्साह निम्मा झाला, आणि बक्षीस रोख नाही कळल्यावर उरलेलाही गेला.

माझ्या तयारीचा कळस होता विषारी प्यादं. नायडॉर्फमध्ये एक वाट अशी आहे की पांढरा उंट बाहेर काढतो, त्याने मागचं एक प्यादं उघडं पडतं, आणि काळा वजीर भर पटात घुसून ते प्यादं खातो. याला जगभर 'विषारी प्यादं' म्हणतात. खायला सोपं, पचायला अवघड. १९७२ साली रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत अकराव्या डावात खुद्द फिशरने ते खाल्लं, स्पास्कीने आपला घोडा मुकाट मूळ घरी परत नेला, आणि फिशरचा वजीर कोंडला गेला. माझ्या पुस्तकात प्यादं खाण्यापर्यंतचं सगळं होतं. खाल्ल्यावर काय होतं ते पान गळालं होतं.

भंडाऱ्याला माझ्यासोबत आबाजी आले. गोबरवाहीला तिरोडीकडून येणारी पॅसेंजर धरायची, तुमसर रोडला म्हणजे देव्हाडीला उतरून मेन लाइनची गाडी बघायची, भंडारा रोडला म्हणजे वरठीला उतरायचं आणि तिथून पुढे भंडाऱ्याला जायला मिळेल ते वाहन. ज्या गावाचं नाव स्टेशनाला आहे ते गाव स्टेशनावर नसणं ही आमच्या जिल्ह्याची जुनी खोड. मायने पोळ्या आणि भेदराची चटणी बांधून दिली होती. आबाजी वाटेत एवढंच म्हणाले, "घाई करू नोको. राजाले येळेवर उडव." मी मान हलवली. मनात मी तेव्हा ब्युनोस आयर्समध्ये होतो.

तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा व्हायचा होता (तो १९९९ साली झाला), त्यामुळे तिकडचीही पोरं आली होती. इस्त्रीचे कपडे, बगलेत दुमडते पट, एकमेकांना "तू कॅरो-कान खेळतोस ना?" वगैरे विचारणारी. त्यांच्याकडे बघून मला बरं वाटलं. ही आपली माणसं. यांच्यातला कोणीतरी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकणार, आणि मग पुस्तक आणि मी.

जोडी लागली सिहोऱ्याकडच्या एका पोराशी. एवढा उपद्व्याप करून भंडाऱ्याला यावं आणि समोर आपल्याच तालुक्यातला निघावा! पायात स्लिपर, केसांना चपचपीत तेल. त्याने दोन्ही हातांनी आपली मोहरी एकदा सरळ केली, आणि पहिली चाल केली: वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं, एक घर.

मी पटाकडे बघत राहिलो. ही माझी चाल होती! पाचव्या चालीला, सगळा मानपान झाल्यावर, काळ्याने करायची चाल याने पांढऱ्याने पहिल्याच फटक्यात केली होती. त्यात माझ्या पुस्तकाच्या पद्धतीत पांढऱ्याची ही चाल आणि काळ्याची ती चाल लिहायची अक्षरंही तीच, पी-क्यूआर३, कारण दोघंही आपापल्या बाजूने मोजणार. मी पाठ केलेला शेवटचा शब्द समोरच्याने पहिला उच्चारला होता. पुढे काय बोलायचं?

घड्याळ टिकटिकत होतं. असलं दुहेरी घड्याळ मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. ते माझ्याच नावाने चाललंय हे मला बऱ्याच वेळाने उमगलं. विचार करकरून मी जे येत होतं तेच केलं, उंटापुढचं प्यादं दोन घरं. घड्याळ दाबायचं राहिलं. पोरगा थोडा थांबला, मग हळूच म्हणाला, "दाब नं गा."

मी दाबलं. त्याने दुसऱ्या कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

सिसिलियनमध्ये उंटापुढचं प्यादं पुढे घालण्यामागे एक सबंध राजकारण आहे. पांढरा मध्यात प्यादं आणणार, आपण आपलं बाजूचं प्यादं देऊन त्याचं मधलं घेणार, आणि मग ती मोकळी झालेली पट्टी आपल्या हत्तीला मिळणार. हा सौदा आहे. सौद्याला दुसरा पक्ष लागतो. इथे दुसरा पक्ष मध्यात यायलाच तयार नव्हता. तो आपल्या धुऱ्यावर बसून एकेक प्यादं एकेक घर सरकवत होता. राजाचं प्यादं, एक घर. वजिराचं, एक घर. मी माझी पाठ केलेली वाट सोडली नाही. त्याने प्यादं दिलंच नाही तर मारू काय? मग घेण्याची चाल गाळली आणि पुढची केली. वजिराचं प्यादं, घोडा, आणि शेवटी कडेचं प्यादं एक घर. नायडॉर्फ पूर्ण! समोर सिसिलियन नसताना काळ्याने एकट्यानेच खेळलेला नायडॉर्फ बहुधा जगात तेवढाच असेल. मधे एकदा काहीच सुचेना म्हणून राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादंही एक घर ढकललं. ते लक्षात ठेवा.

मग त्याने वजिराकडचा उंट एक घर बाहेर काढला आणि मागचं प्यादं उघडं पडलं.

माझ्या अंगावर काटा आला. तेच प्यादं! पुस्तकातलं! फिशरने खाल्लेलं! इथवरची सगळी वाट वेगळी होती, उंट भलत्याच घरात होता, घोडे कुठल्या कुठे होते, पण प्यादं तेच होतं. माझा वजीर दोन चालींत तिथे पोचला आणि त्याने ते खाल्लं. मी मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिलंसुद्धा. आबाजी पाणी प्यायला गेले होते.

पोरगा बराच वेळ बसून राहिला. मग घोडा आला, मग हत्ती, मग एक प्यादं (यावेळी सावकाश दोन हप्त्यांत दोन घरं), आणि माझा वजीर असा कोंडला गेला की त्याला शेवटी एका उंटाच्या बदल्यात मरावं लागलं. फिशरचाही वजीर याच भागात गेला होता, याचा मला तेव्हाही थोडा अभिमान वाटला. गळालेल्या पानावर काय होतं तेही कळलं.

वजीर गेल्यावर माझ्या डोक्यातलं पुस्तक मिटलं. त्याखाली जे होतं ते वर आलं, आणि खाली ओटा होता. राजा अजून मूळ घरी उभा. समोरून प्यादी सरकत येताहेत. कॅसलिंग करायचं, तर एका बाजूला माझाच उंट मधे आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या उंटाचा मारा. आणि मला आठवलं: राजाले येळेवर उडव! शह लागलेला नव्हता. उडी शिल्लक होती. मी राजा उचलला आणि अडीच घरं, वजीर जिकडे मेला होता त्या बाजूला, टाकला. घड्याळही दाबलं. यावेळी विसरलो नाही.

आता खरी गंमत. समोरचा पोरगा काही बोलला नाही. त्याने राजाचं नवं घर पाहिलं, ओठ दाबून मान हलवली, म्हणजे चाल त्याला पसंत पडली होती, आणि तो पुढचा विचार करू लागला. डाव तसाच चालू राहिला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. शेजारच्या पटावरचा इस्त्रीवाला खुदकन हसला म्हणून पंच आले.

"हा राजा इथे कसा?" पंचांनी विचारलं.

"उडाला," मी म्हणालो.

"राजा उडत नाही."

तेवढ्यात मागून आबाजींचा आवाज आला. "उडते नं साहेब. एक डाव उडते. त्याले अजून शे कोठी लागला हाय?"

सभागृहात शांतता हवी असा बोर्ड आबाजींच्या डोक्यावरच लावला होता. पंचांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. आबाजींनी त्यांना मुद्द्याचं बोलायला सांगितलं. शेवटी पंच त्या पोराकडे वळले. त्यांना साक्षीदार हवा होता.

"तू हरकत का घेतली नाहीस? राजा अडीच घरं गेला, दिसलं नाही तुला?"

पोरगा गोंधळला. "पन मी शे देल्लाच नोता नं सर अजून."

आबाजींनी पंचांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. फिर्यादीच आरोपीच्या बाजूने साक्ष देतोय, असा खटला त्या पंचांच्या कारकिर्दीत पहिलाच असावा. ते बिचारे नियमाचं पुस्तक काढायला गेले. नियम त्यांच्या बाजूने होता, त्याला इलाज नाही: बेकायदा चाल रद्द, मोहरी होती तशी, आणि ज्या मोहऱ्याला हात लावला तेच चालवायचं. म्हणजे राजाच चालवायचा. मोहरी लागली परत. मी राजाची घरं मोजली. एका घरावर त्याचा उंट, एका घरात माझाच उंट, दोन घरांत माझीच प्यादी. उरलं एकच घर, राजाच्या तिरक्या हाताला, वजिराचं प्यादं पुढे गेल्यामुळे रिकामं झालेलं. राजा तिथे गेला. त्याशिवाय कुठे जाणार?

पोराने एक प्यादं सरकवलं. एक घर.

"प्यादेमात!" आबाजी ओरडले. नातवाचा राजा मेला होता, पण मात मानाची होती. त्यांनी पुढे होऊन त्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि मग त्यांना माझी आठवण झाली.

बाकीच्या फेऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. एका फेरीत प्रतिस्पर्धी आलाच नाही आणि मला पूर्ण गुण मिळाला. तो डाव मी चांगला खेळलो. सिसिलियन खेळायला येणारं कोणी भेटलं नाही. परतताना वरठी ते देव्हाडी तो पोरगा आमच्याच डब्यात होता. आबाजींनी त्याला अर्धी चटणी दिली आणि सारा वेळ ते दोघं उड्यांविषयी बोलत होते. मी खिडकीतून धान बघत होतो.

यानंतर बरीच वर्षं मी बुद्धिबळाला हात लावला नाही. खेळाचं त्यात नुकसान झालं असं काही कानावर आलं नाही. पण अलीकडे पुतणीला या खेळाचं वेड लागलं. तिच्या मोबाइलवर कोणतीही पहिली चाल केली की वर त्या सुरुवातीचं नाव उमटतं. एकदा मी सहज तिला म्हटलं, कडेचं प्यादं एक घर टाक बघू. नाव आलं: अँडरसन ओपनिंग.

नाव आहे त्या चालीला! अॅडॉल्फ अँडरसन, आपल्या काळातला युरोपातला सर्वांत मोठा खेळाडू, १८५८ साली पॅरिसला पॉल मॉर्फीशी लढला तेव्हा त्याने तीन वेळा ती चाल केली. एक डाव जिंकला, एक हरला, एक बरोबरीत. अमेरिकेहून आलेल्या मॉर्फीला पाठ असलेल्या वाटांवरून खाली उतरवायचं, एवढाच त्यात डाव होता म्हणे. म्हणजे मॉर्फीसारख्याला पुस्तकाबाहेर काढायला जे हत्यार उपसलं गेलं, तेच सिहोऱ्याच्या पोराने माझ्यावर चालवलं. गळालेल्या पानांच्या पुस्तकातून मला बाहेर काढायला एवढी तोफ कशाला पाहिजे होती?

मग मी वाचत सुटलो आणि माझी आणखी थोडी नाचक्की झाली. ज्या पद्धतींना सारं जग 'इंडियन डिफेन्स' म्हणतं, त्यांचं मूळ आबाजींच्या ओट्यापाशी येतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, फार मोठा खेळाडू. मुफस्सिलात एक बंगाली ब्राह्मण आहे आणि तो कोणाला हरत नाही, असं त्याच्या कानावर आलं. तो महेशचंद्र बंदोपाध्याय. देशी खेळात प्यादं एकेक घर चालायचं, त्यामुळे एकेक घर प्यादी सरकवून उंट कोपऱ्यात बसवायचा आणि मध्य लांबून सांभाळायचा ही त्याची सवय. कॉक्रनशी तो इंग्रजी नियमांनी खेळला तरी ही सवय सुटली नाही. १८५५ सालचा त्यांचा एक डाव पाहिला तर त्यात आज ज्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात तो जसाच्या तसा आहे. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो खेळायला सुरुवात केली १९२२ साली. महेशचंद्राचं नाव त्याला पडलं नाही. अर्थात तो डाव महेशचंद्र हरला होता, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

म्हणजे त्या सभागृहात आम्ही दोघं एकाच शाळेतून आलो होतो. त्याने ओट्यावरची सवय नव्या नियमांत बसवून आणली होती. मी पोलंड-अर्जेंटिनाचा माल आयात केला होता आणि ऐन वेळी नेमका ओट्यावरचा तेवढा बेकायदा भाग वापरला होता.

पुतणीने तो सबंध डाव मोबाइलवर टाकायचा हट्ट धरला. मला चाली आठवत होत्या. अपमान चांगला पाठ राहतो. यंत्राने माझ्या विषारी प्याद्यावर दोन लाल प्रश्नचिन्हं दिली. मी म्हटलं, पुढे चल. राजाच्या उडीपाशी आलो. पुतणीने राजा बोटाने ओढला. तो परत आपल्या घरी जाऊन बसला. पुन्हा ओढला. पुन्हा परत.

"मोठेबाबा, हा घेत नाही."

"शह लागलेला नाही त्याला अजून," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे, पंचांनी आबाजींकडे पाहिलं होतं तसं पाहिलं.

आणि मागच्या हंगामात तुमसरच्या धान बाजारात तो भेटला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. केस गेलेले, तेलाचा प्रश्न मिटलेला. पोत्यांच्या थप्पीला टेकून चहा घेत होता. इकडचं तिकडचं झालं, भाव काय, पाऊस काय, आणि मग तो म्हणाला, "तुही उडी बराबर होती गा. मी तवाच मनलो होतो."

मी म्हटलं, नियम तसा नव्हता.

"नियमाचं नाई मनत मी. उडी बराबर होती, पन घर चुकला." त्याने चहा खाली ठेवला, समोरच्या पोत्यावर बोटाने रेघा मारल्या आणि धानाचे दाणे मांडायला सुरुवात केली. सगळं त्याच्या ध्यानात होतं. कुठे उंट, कुठे हत्ती, माझं ते घोड्यापुढचं एक घर ढकललेलं प्यादंसुद्धा. "तू इकडं वजिराच्या बाजूनं उडाला. तिकडं माहे दोनी हत्ती बसून. राजाच्या बाजूनं कायले नाई उडाला? तो प्यादा तू पयलेच सरकवला होता. घर तयार होतं. तिथं बसला असता तं मले काई करता आलं नसतं."

मी दाण्यांकडे बघत राहिलो. पंचांचं, पुस्तकाचं, आंतरराष्ट्रीय महासंघाचं सगळं बाजूला ठेवलं तरी, आबाजींच्या नियमांनीसुद्धा, मी हरलोच होतो.

"येत जा एखाद्या रोज," दाणे परत पोत्यात लोटत तो म्हणाला. "पट हाय घरी. घडी नाई, अन् पंच बी नाई."